क्लच जड झालाय? आधी वायर सोडवून बघा!

नव्या गाडीची सवय झालेल्या माणसाने जुन्या मारुती 800 चा क्लच दाबला, की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘अरे, केवढा जड आहे हा!’ मालकाला नवल वाटतं, कारण त्याच्या पायाला तो कधी जड लागलेलाच नसतो. बहुतेक वेळा क्लच एका रात्रीत जड होत नाही. जडपणा रोज तीळभर वाढतो आणि डावा पाय तेवढंच जुळवून घेतो. म्हणून पहिली तपासणी फुकटची: ओळखीतल्या कुणाची तशीच, चांगली राखलेली गाडी गाठा आणि तिचा क्लच दाबून बघा.

1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलेली ही गाडी क्लच शिकायला फार चांगली. तिचा क्लच वायरवर चालतो, म्हणजे दोष शोधायला वायरची दोन टोकं हाताशी आहेत.

दहा मिनिटांची परीक्षा

इंजिन बंद, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडून गिअर बॉक्सच्या बाजूचं वायरचं टोक सोडवा. त्याआधी नट कितव्या आट्यावर होता ते लक्षात ठेवा. आता पेडल हाताने दाबा. अलगद खाली गेलं तर पेडल आणि वायर निर्दोष, भानगड गिअर बॉक्सच्या आत आहे. तरीही अडखळलं, तर पेडलची पिन सुकलेली आहे किंवा वायर गेलेली आहे. गिअर बॉक्स उतरवण्याचा खर्च मान्य करण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे. यात वाचणारे पैसे थोडेथोडके नसतात.

होडीचा दोर आणि क्लचची वायर

आवरणाच्या आत सरकणारी ही तार ‘बाउडेन केबल’ म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट बाउडेन यांनी तिचं पेटंट 1896 मध्ये घेतलं. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही जात. तार पाहिजे तशी वळवता येते ही तिची मोठी सोय, आणि दुखणंही तिथेच.

बंदरावर खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतो आणि एवढी मोठी होडी एका हाताने धरून ठेवतो. दोर जितका जास्त वळतो तितकं घर्षण वाढतं, आणि तेही बेरजेने नाही, गुणाकाराने. क्लचच्या वायरलाही हाच नियम लागू. समजा, वायर सगळी मिळून अर्ध्या वर्तुळाइतकी वळली आहे आणि दुसऱ्या टोकाला 10 किलोची ओढ हवी आहे. आतली तार गुळगुळीत असेल आणि घर्षणाचा गुणांक 0.1 धरला, तर आपल्याला साधारण 14 किलो ओढावं लागतं. गंजून तो 0.3 झाला, तर जवळजवळ 26! वायर तीच, वळणही तेच, पायावरचा भार मात्र जवळपास दुप्पट.

म्हणूनच इंजिनचं काम झाल्यावर वायर चुकीच्या मार्गाने, तीव्र वळणाने बसवली गेली, तर कोरी करकरीत वायरसुद्धा जड लागते. काढलेली वायर हातात सरळ धरून आतली तार मागेपुढे करा. कचकच लागली की धागे तुटू लागलेत. अशी वायर बदलायचीच. आत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर तेल ओतून तिला वाचवायचा खटाटोप नको. तेलाला धूळ चिकटते आणि वायर पुन्हा जड होते.

प्लेट झिजली की पेडल जड? होय!

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते. झिजलेली वस्तू सैल पडावी असं आपण धरून चालतो; इथे उलटं घडतं. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमधली स्प्रिंग म्हणजे पोलादाची उथळ ताटली. तिचा स्वभाव बरणीच्या पत्र्याच्या झाकणासारखा: मधला फुगवटा दाबताना आधी जोर लागतो, मग टक्क करून ते झाकण आपणहून मऊ पडतं. नव्या क्लचमध्ये ही ताटली बरीचशी दबलेली, त्या मऊ टप्प्याजवळ असते. क्लच प्लेट पातळ होत गेली, की ताटली पुन्हा फुगत मागे सरकते, थेट सर्वाधिक जोराच्या टप्प्याकडे. आणि एवढा सगळा खटाटोप कशासाठी? पेडल वीतभर दाबल्यावर आत प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर मागे सरावी म्हणून.

पेडल ‘कुठे पकडतं’ तेही बघा. जड पेडल आणि पकड अगदी वर आली असेल, तर प्लेटची झीज. पकड तळाशी आणि गिअर टाकताना खरखर, तर वायर ताणून सैल झालेली. पेडल दाबताना कुरकुर ऐकू आली, तर वायरने फिरणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचा बुश कोरडा. इंजिन चालू असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग.

वायरऐवजी ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या क्लचची गोष्ट थोडक्यात. त्यात हवा शिरली तर पेडल मऊ होतं, जड नाही. जड झालं तर गंजलेला सिलिंडर किंवा आतून फुगून बुजलेला रबरी पाइप बघा. आणि ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल कधीही घालू नका. त्याने आतली रबरं फुगतात.

शेवटची परीक्षा मोकळ्या जागेत, आणि एकदाच. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं, तर प्लेटमध्ये अजून जीव आहे. गाडी जागेवर आणि इंजिन आपलं चालूच राहिलं, तर गिअर बॉक्स उतरवा; मग मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला, आणि फोर्कच्या शाफ्टच्या बुशला बोटभर ग्रीस लावल्याशिवाय गिअर बॉक्स परत चढवू देऊ नका.