रंगपेटी घेताना वड्या मोजू नका, रंग पारखा



आपल्यापैकी बरेच गट आता लोणची-पापडांच्या जोडीला हाताने रंगवलेल्या वस्तू करू लागले आहेत. दिवाळीची भेटकार्डं, राखीची पाकिटं, संक्रांतीच्या वाणाच्या कागदी पिशव्या, रुखवतात मांडायची चित्रं. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात नाहीतर तालुक्याच्या जत्रेत टेबल मांडायचं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याचं नाव कार्डावर रंगवून द्यायचं, हेही काही जणी करतात. अशा कामाला पिशवीत मावेल अशी जलरंगांची पेटी लागते. ती कशी निवडायची, ते आज सांगतो.

प्रश्न लहान दिसतो, पण त्यात गटाचा पैसा असतो आणि गटाचं नावही असतं. गिऱ्हाइकाने चाळीस रुपये देऊन कार्ड नेलं, हौसेने भिंतीवर लावलं आणि चार-सहा महिन्यांत त्यातला गुलाबी रंग उडून गेला, तर ते भांडायला येत नाही. पुढच्या वर्षी ते आपल्या टेबलाशी थांबत नाही, एवढंच. म्हणून पेटी घेताना आधी रंगाची पारख हवी.

रंगाच्या वडीत असतं काय?

तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे रंगाची बारीक पूड. दुसरी म्हणजे डिंक, बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा. हा डिंक पूड कागदाला धरून ठेवतो. तिसरी गोष्ट म्हणजे थोडं ग्लिसरीन किंवा मध, म्हणजे वडी दगडासारखी वाळत नाही आणि पाणी लावलं की लगेच सुटते.

स्वस्त रंगात पूड कमी आणि खडूसारखी भर जास्त असते. तिथेच चमक जाते. जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, म्हणून रंग उजळ दिसतो. मध्ये खडूची भर आली की उजेड अडतो. ओला असताना छान दिसलेला रंग वाळल्यावर धुरकट होतो, तो यामुळे.

पोस्टर कलर वेगळा. तो मुद्दामच दाट आणि खालचं झाकणारा केलेला असतो. तुम्ही वारली पद्धतीची चित्रं करत असाल, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा काढत असाल, तर जलरंगाच्या पेटीतला पांढरा उठून दिसणार नाही. त्यासाठी पांढऱ्या पोस्टर कलरची एक बाटली वेगळी घ्या. फुलं, पानं, पक्षी, नक्षी, नावं यांसाठी जलरंग उत्तम.

मिसळणाच्या डब्याचं गणित

दुकानात गेलं की छत्तीस वड्यांची मोठी पेटी डोळ्यांत भरते. शेजारी तेवढ्याच किमतीत बारा वड्यांची छोटी पेटी असते. मन मोठीकडे ओढतं. पण आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. वाट्या सात, पण त्यातून वर्षभराच्या भाज्या-आमट्या होतात. कारण त्यात हळद ही हळद असते आणि तिखट हे तिखट असतं. रंगपेटीचंही तसंच. बारा चांगले रंग असले की बाकीचे आपण मिसळून करतो. छत्तीस कमअस्सल रंगांतून एकही उजळ रंग काढता येत नाही.

या बारांत आठ रंग असेच हवेत.

पिवळे दोन: एक लिंबासारखा, एक हळदीसारखा गडद.
लाल दोन: एक शेंदरी, एक गुलाबीकडे झुकणारा.
निळे दोन: एक अल्ट्रामरीन, म्हणजे जांभळटाकडे झुकणारा. दुसरा थॅलो ब्लू, म्हणजे हिरवटाकडे झुकणारा.
मातीचे दोन: पिवळ्या मातीचा यलो ऑकर आणि भाजलेल्या विटेसारखा बर्न्ट सिएना.

उरलेले चार तुमच्या कामाप्रमाणे घ्या. पानांसाठी तयार हिरवा, एखादा जांभळा, एखादा काळा, असे.

प्रत्येक मुख्य रंगाचे दोन-दोन कशाला? कारण रंग कुठे झुकतो त्यावर मिश्रण ठरतं. लिंबासारखा पिवळा आणि हिरवट निळा मिसळला तर भाताच्या रोपासारखा ताजा पोपटी मिळतो. हळदीसारखा पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळला तर जुन्या पानाचा मळकट हिरवा येतो. जांभळा हवा असेल तर गुलाबीसर लाल आणि अल्ट्रामरीन घ्या. शेंदरी लाल घेतला तर तपकिरी चिखल होतो. शेंदरीत पिवळा लपलेला असतो, आणि पिवळा नि जांभळा एकमेकांना मारतात. म्हणून एका वेळी दोनच रंग मिसळा, फार तर तीन. पांढऱ्या जागेसाठी कागदच कोरा सोडायचा.

रंग टिकेल का?

विकायच्या वस्तूसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. सगळे रंग उन्हात सारखे टिकत नाहीत. मातीचे रंग सगळ्यात टिकाऊ. गेरूत लोखंडाचा गंज असतो, तो उडत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांत गेरू आणि पिवळी माती वापरलेली आहे. ती चित्रं दीड हजार वर्षांहून जुनी आहेत, तरी ते रंग अजून ओळखता येतात. अल्ट्रामरीनही उन्हाला दाद देत नाही.

उडणारे रंग म्हणजे बहुतेक वेळा झगझगीत गुलाबी, काही जांभळे आणि ज्यांना निऑन म्हणतात ते सगळे. डब्यात तेच जास्त लखलखतात, म्हणून पेटी त्यांच्यावर खपते.

मग ओळखायचं कसं? चांगल्या रंगाच्या नळीवर किंवा वेष्टनावर दोन खुणा असतात. एक, टिकाऊपणाची. काही कंपन्या चांदण्या छापतात, काही अधिकची चिन्हं. त्यांचा अर्थ कंपनीच्या रंगपत्रकात दिलेला असतो, दुकानदाराकडे ते मागा. दुसरी खूण म्हणजे पुडीचा क्रमांक. इंग्रजी अक्षरांत पी बी आणि पुढे २९ असेल तर ते अल्ट्रामरीन. पी आर ८३ हा क्रिमसन लाल उन्हात फिका पडतो. त्याऐवजी गुलाबीसर लाल पी व्ही १९ क्रमांकाचा मिळाला तर घ्या, तो जास्त टिकतो. इंग्रजी वाचायची अडचण असेल तर हे क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्या आणि नळीशी ताडून बघा. गटातल्या कुणाची शाळकरी मुलगी सोबत असली तर आणखी सोपं.

पेटीवर यातलं काहीच छापलेलं नसेल, तर ती मुलांच्या खेळासाठी ठीक. विकायच्या मालासाठी नको.

घरीही परीक्षा घेता येते. एका कागदावर पेटीतल्या प्रत्येक रंगाचा पट्टा ओढा. वाळला की अर्ध्या भागावर जाड काळा पुठ्ठा घट्ट बांधा. कागद उन्हाच्या खिडकीत दोन महिने राहू द्या, पाऊस लागू देऊ नका. मग पुठ्ठा काढा. झाकलेली आणि उघडी बाजू सारखीच दिसली तर रंग पास. फरक दिसला तर तो रंग विक्रीच्या कामातून बाद. दिवाळीचा माल करायचा असेल तर ही परीक्षा उन्हाळ्यातच उरकून घ्या, कडक ऊनही मिळतं आणि हाताशी वेळही असतो.

दुकानात काय बघायचं?

एकाच कंपनीचे बहुधा दोन दर्जे असतात, एक विद्यार्थ्यांसाठी आणि एक चित्रकारांसाठी. दुसरा महाग असतो, पण त्यात पूड जास्त असल्याने थोडा रंग पुष्कळ पुरतो. सगळी पेटी वरच्या दर्जाची झेपत नसेल तर विद्यार्थ्यांची बारा रंगांची पेटी घ्या. ज्या दोन-तीन रंगांवर तुमचं काम चालतं तेवढेच वरच्या दर्जाचे घ्या.

दुकानदाराला नमुन्याचा रंग लावून बघू का, असं विचारा. विचारायला लाजू नका, कापड घेतानाही आपण पदर उलगडून बघतोच. कागदावर काळ्या पेनाने रेघ ओढा, वाळू द्या, तिच्यावर रंग फिरवा. रेघ स्वच्छ दिसली तर रंग पारदर्शक आहे. रेघेवर पांढुरकं सावट आलं तर त्यात भर आहे.

पेटीचीही पारख करा. झाकण घट्ट बसतं का? झाकणाच्या आत रंग मिसळायला पांढरे खोलगट कप्पे आहेत का? आणि मुख्य म्हणजे, वड्या सुट्या निघतात का? पिवळा आणि निळा आधी संपतात. तेवढ्याच वड्या बदलता आल्या तर पेटी वर्षानुवर्षं चालते. चिकटवलेल्या वड्यांची पेटी दोन रंग संपले की निकामी होते.

पेटी घरीही करता येते. जुनी कंपासपेटी घ्या, त्यात बाटल्यांची छोटी झाकणं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसवा आणि नळीतला रंग त्यांत भरा. एकदम काठोकाठ भरू नका, दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर सावलीत वाळू द्या.

पैशाचा हिशोब

समजा एक पेटी दोनशे रुपयांची आहे आणि तिच्यात पन्नास कार्डं होतात. कार्डामागे रंगाचा खर्च चार रुपये. दुसरी पाचशेची आहे, पण तिच्यात दोनशे कार्डं होतात. कार्डामागे अडीच रुपये. महाग कुठली? पहिली पेटी संपेपर्यंत किती कार्डं झाली ते वहीत लिहा, म्हणजे पुढची खरेदी अंदाजाने करावी लागणार नाही.

आणि सगळे पैसे पेटीत घालू नका, कागदासाठी राखा. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ जीएसएमचा असतो. तो पाण्याने आकसतो आणि रंग पिऊन टाकतो. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद चांगला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात. कुठलाही हातकागद घेण्याआधी त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब थोडा वेळ वर उभा राहिला तर कागद कामाचा. टीपकागदासारखा लगेच शोषला तर त्यावर रंग फिका पडेल.

ब्रश दोन पुरे. एक आठ नंबरचा गोल, एक तीन नंबरचा. पाण्यात बुडवून झटका, टोक सुईसारखं जुळलं पाहिजे.

पेटीची निगा

पाण्याची भांडी दोन ठेवा, एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगाला घ्यायचं. गढूळ पाण्याने चांगल्यात चांगला रंगही मळतो. काम झालं की ओली पेटी बंद करू नका, विशेषतः पावसाळ्यात. डिंकावर बुरशी धरते. सावलीत वाळवा, मग झाकण लावा. ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय असेल तर सोडा. काही रंगांत कॅडमियमसारखे अपायकारक धातू असतात. पेटी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

शेवटी एक. पुष्कळ घरांत आई रंगवते ती मुलांच्या दप्तरातून उरलेल्या रंगांनी, मोडक्या ब्रशाने, जमलंच तर. शिलाई मशीन जसं शिवणारीचं अवजार, तशी रंगपेटी रंगवणारीचं अवजार आहे. गटाच्या पैशातून घेतलीत तर वहीत तिची नोंद करा, कोणाकडे कधी आहे ते लिहा, आणि संपलेल्या वडीचे पैसे विक्रीतून आधी बाजूला काढा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरात असलेली रंगपेटी घेऊन या. एकाच कागदावर सगळ्या पेट्यांचे पट्टे ओढा, काळी रेघ ओढून पारख करा आणि मगच नव्या खरेदीचं ठरवा.