पाण्यात पडणारे ‘किडे’ दाढेतले नसतात

दाढ ठणकायला लागली, की कुडपणसारख्या डोंगरातल्या गावातून पोलादपूर नाहीतर महाड गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मग घरातलं कोणीतरी सांगतंच, ‘कशाला जातेस खाली? धुरी घे, कीड पडून जाईल.’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा सल्ला अजून ऐकू येतो आणि त्यापायी वाचू शकणाऱ्या दाढा हकनाक जातात.

धुरीची रीत ठरलेली. तापल्या लोखंडावर रिंगणीच्या वाळक्या बिया टाकायच्या, वर थोडं तेल सोडायचं आणि धूर नळीनं दाढेपर्यंत न्यायचा. मग लाळेसोबत पाण्यात पांढुरकं, वळलेलं, धाग्याएवढं काहीतरी दिसतं आणि बघणाऱ्यांची खात्री पटते. युरोपात हाच प्रकार खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा. तिथले ‘किडे’ म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले कोंब निघाले. रिंगणी त्याच वांग्याच्या कुळातली, तिच्या बीतही कोंब तसाच वाकडा वळलेला असतो. काही भोंदू तर पाण्यात वाद्याच्या तारेचे तुकडेच टाकत, असं जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञानं 1597 साली लिहून ठेवलं आहे. पुढे 1728 मध्ये प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्याला दातात एकही किडा सापडला नाही. तरी आपण अजून धुरी घेतोच आहोत!

दात पोखरतं ते आम्ल. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न आंबवून ते तयार करतात, हे विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये मांडलं.

‘पण धुरीनंतर ठणका थांबला, त्याचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. दाढेच्या आतली नस सुजते तेव्हा कळ येते-जाते. नस मेली की कळ बंद होते, पण पू मुळाशी साचत राहतो आणि पुढे गाल सुजतो. तोवर खड्डा नुसत्या सिमेंटनं भरण्याची वेळ निघून गेलेली असते. रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते.

खड्डा उथळ असताना मात्र उपाय फार साधा आहे. ग्लास आयोनोमर सिमेंट विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलं आणि 1972 मध्ये जाहीर केलं. ते दाताला रासायनिक रीतीनं चिकटतं आणि फ्लोराइडही सोडतं. 1980च्या दशकात टांझानियात बिनविजेची पद्धत बसवली गेली, तीच आता या सिमेंटनं करतात: हातातल्या चमच्यासारख्या हत्यारानं मऊ झालेला कुजका भाग खरवडायचा, पूड आणि द्रव कालवून खड्ड्यात भरायचं, व्हॅसलीन लावलेल्या बोटानं दाबून धरायचं. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं. तासभर काही चावायचं नाही, बस्स. ड्रिल नको, बहुतेक वेळा भुलीचं इंजेक्शनही नको. पावसाळ्यात वीज गेली तरी शाळेच्या बाकावर हे काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या पद्धतीनं दाढा भरून देणारं शिबिर डोंगरातल्या प्रत्येक शाळेत व्हायला हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. स्केलिंगनं, म्हणजे दातांवरचं कीटण काढल्यानं, दात हलत नाहीत. हिरड्यांच्या आजारानं आधीच हललेले दात कीटण निघाल्यावर जाणवतात. दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नये, ती दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागते. आणि सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ तर कायमचीच असते. मिश्रीनं दात मजबूत होत नाहीत. ती भाजलेली तंबाखू आहे आणि तिनं कर्करोग होतो. लिंबू चोळून दात पांढरे होत नाहीत, उलट वरचं कवच झिजतं. रस्त्याकडेला तासाभरात बसवून मिळणारा ‘फिक्स’ दात म्हणजे शेजारच्या दातांना तारेनं बांधलेलं अ‍ॅक्रिलिक. त्याखाली अन्न कुजतं आणि आधाराचे चांगले दातही हलायला लागतात. नोंदणी नसलेल्यानं असं काम करणं कायद्यात बसत नाही. घरात कोणाच्या तोंडात असा दात असेल, तर तो दुखत नसला तरी दंतवैद्याकडून काढून घ्यावा आणि रोज काढून धुता येईल अशी कवळी मागावी.