करंटचा शेक : कोणाला, कधी, किती?

लावणी उरकली की पेण-रोहा पट्ट्यात कंबरदुखीच्या तक्रारी सुरू होतात. दिवस-दिवस चिखलात वाकून रोपे लावायची म्हणजे कंबर बोलणारच. मग कासूहून गाडी पकडून पेण किंवा पनवेल गाठायचे आणि 'करंटचा शेक' घेऊन यायचे. हल्ली मुंबईला नोकरी करणारा मुलगा गणपतीला येताना खिशात मावणारे यंत्रच आईसाठी घेऊन येतो. या यंत्राकडून अपेक्षा मात्र फार मोठ्या असतात.

मुळात हा शेक नव्हे. शेकाने उष्णता मिळते. 'टेन्स' नावाच्या या यंत्राच्या पट्ट्या त्वचेवर चिकटवतात आणि त्यांतून विजेचे सौम्य ठोके जातात; मुंग्या आल्यासारखे वाटते. दुखणे कमी का होते, याचा एक खुलासा मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू रेल्वेचे फाटक असते. स्पर्शाच्या संदेशांची गर्दी झाली की ते अर्धेमुर्धे बंद होते. कोपर आपटले की आपण नकळत चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच. दवाखान्यातले मोठे 'आयएफटी' यंत्र सेकंदाला सुमारे 4000 आवर्तनांचे दोन प्रवाह सोडते. असा प्रवाह त्वचेला कमी टोचतो, म्हणून तो खोलवर पोचवणे सोपे जाते.

आराम मिळतो, पण बहुधा तात्पुरता. ब्रिटनमधील 'नाईस' या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठी टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड देऊ नये, व्यायामावर भर द्यावा, असा सल्ला दिला. माझ्या मते अर्धा तास यंत्र लावून दुखणे हलके झाले आणि त्या वेळात व्यायाम केला, तर यंत्राचे पैसे वसूल. दहा दिवस नुसते पालथे पडून करंट घेतला, तर नाही.

स्नायूंची गोष्ट वेगळी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी बघता बघता बारीक होते. तिथे स्नायू आकुंचित करणारे यंत्र चांगले उपयोगी पडते. मात्र ठोका आला की रोग्याने स्वतःही मांडी आवळायची असते. अर्धांगवायूनंतर लोंबणारे पाऊल चालताना उचलण्यासाठीही असा प्रवाह वापरतात. मुंबईत हाजीअलीला अशा पुनर्वसनासाठी 1955 पासून अखिल भारतीय संस्था आहे. तोंड अचानक वाकडे झाले, तर मात्र करंट शोधत बसू नये. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांनी गोळ्या सुरू करणे महत्त्वाचे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर ती थकव्याची अंगदुखी समजू नका. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो जडतो आणि मूत्रपिंड, यकृत निकामी करू शकतो. वेळेवर साधी प्रतिजैविके मिळाली तर माणूस वाचतो. पोटऱ्यांना यंत्र लावण्यात दोन दिवस गेले तर तेच दोन दिवस महागात पडतात. तसेच कंबरदुखीबरोबर लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर थेट इस्पितळ गाठावे.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. गरोदर बाईच्या पोटावर वा कमरेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, गाठ असलेल्या जागी पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना चटका बसला तरी कळत नाही. त्यांनी तिथे करंट घेऊच नये. पट्ट्यांचा चिकटपणा गेला की त्या बदलाव्यात. कडा सुटलेली पट्टी एकाच जागी टोचते आणि कातडी भाजते. शेजारणीला यंत्र उसने दिलेत तरी पट्ट्या तिच्या तिला आणायला सांगा.