लाकडी पेटीतला उन्हाळा

चोर्ला घाट चढून बेळगावला खरेदीस जाणाऱ्या गोमंतकीयांना खडेबाजार काही नवा नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली असे करत पाय शेवटी तिथेच वळतात. या बाजारातील एका अरुंद पण खोलवर गेलेल्या दुकानाच्या मागच्या अंगाला माझ्या आतेभावाने स्वतःच्या हाताने व्हिडिओ गेमचे यंत्र उभे केले आहे. पुरुषभर उंचीची प्लायवूडची पेटी, बाहेरून सनमायका, समोर जॉयस्टिक आणि रंगीत बटणे, आत एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक. दिवाळीत सुरू झालेले हे यंत्र थंडीत विनातक्रार चालले. मे महिन्यात मात्र ते खेळ ऐन रंगात असताना बंद पडू लागले. वर्षभर साठवलेले पैसे त्यात गेलेले, त्यामुळे तो हवालदिल झाला होता. ‘‘तीन पंखे लावलेत की!’’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पंखे होते, पण वाऱ्याला वाट नव्हती. सगळा घोटाळा इथेच होता आणि अशी पेटी घरी करणाऱ्या बहुतेकांचा तो इथेच होतो.

संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. खेळ चालू असताना तो शंभर वॅट घेत असेल, तर जुन्या काळचा शंभराचा बल्ब बंद कपाटात तासन्‌तास पेटवून ठेवण्यासारखेच ते आहे. संगणकाची नेहमीची पेटी पत्र्याची असते आणि पत्रा थोडीफार उष्णता बाहेर सोडतो. लाकूड सोडत नाही. प्लायवूडची उष्णतावाहकता लोखंडी पत्र्याच्या काही सहस्रांशांइतकीच आहे. स्वयंपाकघरातल्या कढईला लाकडी मूठ आपण ज्या गुणासाठी बसवतो, तोच गुण इथे नडतो.

सगळे खेळ सारखे तापवत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. जुने खेळ आजच्या संगणकावर चालवण्यासाठी बहुतेक जण ‘मेम’ ही प्रणाली वापरतात. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ती 1997 मध्ये सुरू केली. मूळ यंत्रातील प्रत्येक चिपचे वागणे ती हुबेहूब वठवते. 1980 सालच्या ‘पॅकमॅन’ची नक्कल संगणकाला सहज पेलते, 90च्या दशकातील त्रिमितीय खेळांना मात्र त्याचा चांगलाच कस लागतो. आतेभावाकडे ‘पॅकमॅन’ दुपारभर चाले आणि ‘टेकन’ लावला की थोड्या वेळात पडदा काळा होई, त्याचे कारण हेच. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो. तेव्हा चित्र रेंगाळते, आवाज अडखळतो. त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. अनेक प्रोसेसरांची ही मर्यादा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. छोट्या ‘रास्पबेरी पाय 4’ची चिप 80 अंशांनाच आवरते घेऊ लागते.

आता किती वारा लागतो ते पाहू. शंभर वॅट उष्णता बाहेर काढायची आणि पेटीतली हवा खोलीपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, तर सेकंदाला सुमारे आठ लीटर हवा पेटीतून वाहायला हवी. एकशेवीस मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्यावर याच्या तिप्पट हवा सहज हलवतो. जाळीमुळे त्यातली निम्मी अडली तरी एक पंखा पुरावा. मग तीन पंखे कमी का पडले?

त्याने तिन्ही पंखे मागच्या दाराला, वरच्या बाजूस ओळीने बसवले होते. दोन हवा बाहेर टाकणारे, मधला आत घेणारा. बाहेर पडलेली गरम हवा मधला पंखा लगेच आत ओढत होता. पेटी भिंतीला जवळजवळ टेकलेली, त्यामुळे त्या हवेला दुसरीकडे जायला जागाही नव्हती. खाली, जिथे संगणक ठेवला होता, तिथे एकही भोक नव्हते. हे समजायला कोणतेही उपकरण लागले नाही. आत्याच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती पुरली. पेटलेली उदबत्ती पेटीच्या कडेकडेने फिरवली की धूर कुठे आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते स्वच्छ दिसते. (उदबत्ती पेटीच्या आत मात्र नेऊ नये, राख आणि ठिणगी दोन्हींचा धोका असतो.)

आपल्या कौलारू घरांत हेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. खालच्या खिडकीतून गार हवा येते, तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. पेटीतही वाट अशीच हवी. तळाला किंवा समोरून खाली जाळीचे प्रवेशद्वार, मागे अगदी वर बाहेर टाकणारा पंखा आणि पेटीमागे वीतभर मोकळी जागा. प्रवेशाची जागा पंख्याच्या तोंडापेक्षा लहान असू नये. पडद्याखाली आडवी फळी ठोकलेली असेल तर तीही कापून वाट करावी, नाहीतर गरम हवा फळीखालीच कोंडून राहते.

दोष पेटीचा की संगणकाचा, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. मागचे दार काढून तोच खेळ तेवढाच वेळ चालवावा आणि प्रोसेसरचे तापमान पाहावे. ते बरेच उतरले तर दोष पेटीचा. फरक पडला नाही तर हीटसिंकवर धूळ बसली आहे किंवा त्याखालची थर्मल पेस्ट वाळली आहे, असे समजावे. अशा वेळी पेटीला आणखी भोके पाडून काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पंख्याच्या हातात नसते. खोलीत जेवढे तापमान आहे त्याच्या खाली तो जाऊ शकत नाही. दुकानात 36 अंश असताना पेटीने दहा वाढवले आणि प्रोसेसरने त्यावर चाळीस चढवले, की 86 झालेच. थंडीत वीस अंशांच्या खोलीत हाच हिशेब सत्तरवर थांबतो. दिवाळीत यंत्र निमूट चालले ते म्हणूनच. किनाऱ्यावर उन्हाळा बेळगावपेक्षा थोडा सौम्य. पण इथे खारी, दमट हवा धातूचे सांधे गंजवते आणि पावसाळ्यात एमडीएफच्या फळ्या फुगतात. त्यामुळे गोव्यात प्लायवूडच बरे, आणि पावसाळ्यातही यंत्र अधूनमधून चालवावे.

वीजजोडणीबाबत हयगय नको. आत 230 व्होल्टची वायर जाते; अर्थिंग हवेच आणि एसएमपीएसच्या पंख्यासमोर फळी येता कामा नये. आतेभावाने या सगळ्यासाठी एक रविवार दिला. समोर खाली जाळी बसवली, पेटी भिंतीपासून पुढे ओढली, मागे वर एकच पंखा ठेवला. ‘टेकन’ आता रात्री दुकान बंद होईपर्यंत चालतो. खालची जाळी दर पंधरवड्याला झाडावी लागते. बाजारातली धूळ तिथे इतकी साचते की पांढरी जाळी करडी दिसते.