निर्लेखित खुर्च्यांची बोली

चंडीगडच्या सरकारी कचेऱ्या, पंजाब विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि आमदार निवास यांसाठी १९५० आणि १९६०च्या दशकांत घडवलेल्या सागवानी खुर्च्यांना आज पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कच्या लिलावांत हजारो डॉलरची बोली लागते. मुंबईतल्या लिलावगृहांनीही त्या विकल्या आहेत. याच खुर्च्या त्याआधी चंडीगडमध्ये एकदा लिलावात निघाल्या होत्या, पण भंगार म्हणून. दोन्ही लिलाव रीतसर झाले, आणि म्हणूनच हे प्रकरण चोरीच्या कथेपेक्षा अवघड आहे.

फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली, अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मायर यांचा सहकारी मॅथ्यू नोविकी १९५०मध्ये विमान अपघातात गेला आणि १९५१पासून काम वास्तुशिल्पकार ल कोर्बूझिए यांच्याकडे आले. इथवरचा इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. कोर्बूझिए वर्षातून दोन फेऱ्या मारत. तिथे राहून शहर उभे केले ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे (१८९६–१९६७) यांनी. ते १९६५पर्यंत चंडीगडमध्ये होते. सेक्टर ५मधल्या त्यांच्या घराचे २०१७मध्ये संग्रहालय झाले.

हजारो कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी आणि न्यायाधीशांना बसायला खुर्च्या हव्या होत्या आणि तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा सागवान आणि वेत या दोन जिन्नसांवर भर देण्यात आला. सागाला वाळवी सहसा लागत नाही, वेताच्या विणीतून हवा खेळते, आणि दोन्हींची दुरुस्ती कोणताही स्थानिक सुतार करू शकतो. उलट्या ‘व्ही’सारखे तिरके पाय ही या फर्निचरची ओळख ठरली. काम एका कारखान्याला न देता निरनिराळ्या कार्यशाळांत वाटले गेले. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांच्या मापांत फरक दिसतो. कोणत्याही नगावर सही नाही.

सही नसलेल्या वस्तूला बाजार सही शोधून देतोच. इथे ती जानरे यांची ठरली. प्रत्यक्षात आराखडे एका कचेरीत, अनेकांच्या हातून तयार होत. त्यांतले सर्वांत उपेक्षित नाव ऊर्मिला यूली चौधरी (१९२३–१९९५) यांचे. सिडनी विद्यापीठात वास्तुकला शिकलेल्या आणि फ्रेंच उत्तम येणाऱ्या चौधरी १९५१पासून या चमूत होत्या. पुढे हरियाणा, चंडीगड आणि पंजाब या तिन्ही प्रशासनांच्या त्या मुख्य वास्तुशिल्पकार झाल्या. फर्निचरच्या कामात त्यांचा थेट वाटा होता. तरी लिलावाच्या याद्यांत मोजक्याच नगांपुढे त्यांचे नाव येते. युरोपीय नावाला भाव जास्त मिळतो, एवढे साधे कारण त्यामागे दिसते. ज्या सुतारांनी लाकूड रंधले, त्यांचा तर या याद्यांत उल्लेखही नाही.

१९८०नंतर स्टीलची टेबले आणि फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या. वेत फाटलेल्या जुन्या खुर्च्या गच्च्यांवर आणि जिन्याखाली साचल्या. मग निर्लेखन झाले, म्हणजे निरुपयोगी ठरवून त्या नोंदींतून वगळल्या गेल्या, आणि लॉट पाडून लिलाव पुकारले गेले. डेड स्टॉकच्या नोंदवहीत मोडकी खुर्ची म्हणजे मोडकी खुर्ची. रचनाकार कोण, हा रकानाच नसतो. लिलाव काढणाऱ्या बाबूंना हसण्यात अर्थ नाही. नियमाने सांगितले तेच त्यांनी केले.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे काही व्यापारी चंडीगडला पोहोचले. त्यांतले एरिक तुशालोम सर्वांत गाजले. आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिलहून फ्रेंच रचनाकार जाँ प्रूव्हे यांचे लोखंड-ॲल्युमिनियमचे अख्खे घर सुटे करून आणणारे गृहस्थ ते हेच. ते घर २००७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५० लाख डॉलरना गेले. चंडीगडच्या फर्निचरवर त्यांनी जेराल्ड मोरो यांच्यासह २०१०मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. ‘पीजे-एसआय-२८-ए’ असे जे नमुना-क्रमांक आज लिलावाच्या याद्यांत छापले जातात, त्यांसाठी याच ग्रंथाचा हवाला दिला जातो. म्हणजे वस्तू विकणारा आणि वस्तूची वंशावळ लिहिणारा एकच. ग्रंथ मेहनतीचा आहे, यात शंका नाही. परंतु खरेदीदाराने हा हितसंबंध ध्यानात ठेवावा.

भारतात ओरड सुरू झाली ती परदेशातले आकडे वर्तमानपत्रांत आल्यावर. चंडीगडचे वकील अजय जग्गा यांनी पत्रव्यवहाराचा सपाटा लावला. २०११मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या लिलावाला बंदी घातली. पाहणीत शहरात १२,७९३ वारसा-वस्तू उरल्याची नोंद झाली. तरी परदेशी लिलाव थांबले नाहीत, कारण कायद्याची वयोमर्यादा आड येते. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार अशा वस्तूला पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. युनेस्कोच्या १९७०च्या करारातही फर्निचरला शंभर वर्षांचीच अट आहे. कॅपिटॉल संकुलाला २०१६मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला खरा. पण त्याने परदेशात पोहोचलेल्या खुर्च्या परत येत नाहीत.

या प्रवासावर एमी सीगल यांनी २०१३मध्ये ‘प्रॉव्हनन्स’ हा चित्रपट केला. तो उलटा चालतो: श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून लिलावगृहात, तिथून दुरुस्तीच्या कार्यशाळेत, बंदरात आणि शेवटी चंडीगडच्या कचेऱ्यांत. मग तो चित्रपटही लंडनमध्ये लिलावात विकला गेला.

आता खरेदीबद्दल. खुर्चीच्या पाठीवर किंवा बाजूला रंगाने लिहिलेली खात्याची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक हा पहिला पुरावा मानतात. मात्र चार अक्षरे रंगवणे सोपे असते, आणि नकलांचा सुळसुळाट आहे. ताज्या पॉलिशवर उमटलेली अक्षरे संशयास्पद समजावीत. खुर्ची उलटी करून पाहावी: जमिनीशी घासलेले पाय, सांध्यांत साचलेले जुने पॉलिश, न रंधलेल्या भागाचा काळवंडलेला रंग यांची बनावट करणे कठीण जाते. एक अस्सल पाय आणि बाकी नवे लाकूड अशा जोड-खुर्च्याही फिरतात; म्हणून किती भाग बदलला, हे लेखी मागावे. हातोडा पडतो तो आकडा अंतिम नसतो. मोठी लिलावगृहे त्यावर साधारण पाव हिस्सा शुल्क लावतात, शिवाय कर आणि वाहतूक. वस्तू सागाऐवजी शिसवाची असेल आणि परदेशी न्यायची असेल तर गोष्ट आणखी किचकट होते. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहेत, सागवान नाही.

पर्यावरणाचा दाखला देऊन हे फर्निचर विकले जाते, तो अर्धाच खरा. साठ-सत्तर वर्षे टिकलेली खुर्ची पुन्हा वापरली तर नवे झाड तोडावे लागत नाही आणि लाकडातला कार्बन लाकडातच राहतो. पण तीच खुर्ची चंडीगडहून पॅरिसला, तिथून न्यूयॉर्कला नेऊन काचेमागे ठेवली तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. ज्यांना केवळ घाट हवा आहे, त्यांच्यासाठी नव्या आवृत्त्या उपलब्ध आहेत: बेंगळुरूची ‘फँटम हँड्स’ त्या करते, इटलीच्या ‘कासिना’नेही २०१९मध्ये काढल्या. त्यांत नवे लाकूड लागते, मात्र फसगत होत नाही.

रोज बसायला खुर्ची हवी असलेल्या घराने नामांकित लिलावाच्या वाटेला जाऊ नये. आपल्याच गावात बंद पडलेली कचेरी, शाळा किंवा पेढी निर्लेखित सामान काढते, तिथे अनामिक सागवान मिळते. ते उलटे करून पाहावे, सांधे हलतात का तपासावे, आणि वेत विणणारा कारागीर आधी शोधून मगच बोली लावावी.