गाणे कोणाच्या नावावर?

जत्रेतला 'मौत का कुँवा' आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी फळ्यांच्या कठड्याला हनुवटी टेकवून पाहिलेला आहे. खाली मोटरसायकलचा धूर, वर शिट्ट्या, आणि घरी गेल्यावर आईची बोलणी. २०२४ च्या जुलैमध्ये तोच कुँवा जगभर पोहोचला. केरळमधल्या पोन्नानी येथे चित्रित झालेल्या 'बिग डॉग्ज' या रॅप गाण्यात त्या भिंतीवर गाड्या फिरतात आणि मध्यभागी उभा राहून एक दाढीवाला तरुण ठसक्यात इंग्रजी शब्दांचा मारा करतो. त्याने स्वतःला घेतलेले नाव हनुमानकाइंड. खरे नाव सूरज चेरुकाट. जन्माने मल्याळी, बालपण अमेरिकेत ह्यूस्टनला, आणि कलाकार म्हणून घडला तो आपल्या राजधानीत, बेंगळूरूत. हे गाणे अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढले.

याच सूरजने बेंगळूरूत गोल्डमन सॅक्ससारख्या कंपनीतली नोकरी केली होती आणि ती सोडली होती. ही हकिगत मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी त्यातला 'नोकरी सोडली' एवढाच भाग लक्षात ठेवला. पालक सभेत सांगितली, तर पालकांनीही नेमका तेवढाच भाग ऐकला! मधली कित्येक वर्षे छोट्या मंचांवर गाण्यात गेली, हे दोघांच्याही कानाआड गेले. मला बोलायचे आहे ते याच मधल्या वर्षांबद्दल.

या मंडळींना इंग्रजीत 'अंडरग्राउंड' म्हणतात. आपल्याकडे 'भूमिगत' म्हटले की जुन्या माणसांना बेचाळीसची चळवळ आठवते, म्हणून तो शब्द टाळतो. अर्थ साधा आहे. चित्रपटाचा आधार नाही, रेडिओवर गाणे नाही, पाठीशी मोठी कंपनी नाही. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, स्वतःच लोकांपर्यंत न्यायचे. या प्रकाराचा जन्मच मुळी असा घरगुती आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने आपल्या इमारतीच्या सभागृहात एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट असे तिकीट लावले आणि तबकड्या वाजवायला भावाला उभे केले. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा इतिहास लिहिणारे त्याच संध्याकाळपासून सुरुवात करतात. म्हणजे कलेबरोबर पोटापाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून होताच.

मुंबईतली गोष्ट आपल्याला अधिक जवळची. अंधेरीच्या विवियन फर्नांडिसने, म्हणजे डिव्हाइनने, सुरुवात इंग्रजीतून केली. त्याला ऐकणारे वाढले ते गल्लीतल्या हिंदीकडे वळल्यावर. 'ये मेरा बॉम्बे' २०१३ चे. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये 'आफत' हे गाणे एका आयपॅडच्या आधाराने उभे केले. ताल त्यावरच उतरवला, आवाज त्यावरच मुद्रित केला, चित्रीकरणही त्यावरच. २०१५ ला दोघांचे 'मेरे गली में' आले, आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा 'गली बॉय'. पुढच्या वर्षी या चित्रपटाने फिल्मफेअरचे तेरा पुरस्कार घेतले आणि घराघरातल्या आजोबांनाही रॅप हा शब्द कळला. मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, जिची चर्चा फारशी होत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. माझ्या मते या गाण्यांचा खरा प्रसार त्या स्वस्त डेटाने केला. चित्रपटाने त्यावर मोहोर उठवली.

प्रसिद्धीचा दुसरा रस्ता गमतीशीर आहे. कन्नड रॅपर चंदन शेट्टी २०१८ मध्ये कन्नड बिग बॉसचा विजेता झाला. पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीत वाढलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये हिंदी बिग बॉस जिंकला. नेझी २०२४ मध्ये बिग बॉस ओटीटीत दुसरा आला. गल्लीतून निघालेला रॅपर शेवटी त्याच एका घरात सापडतो की काय, असे वाटावे! पण त्या घरात सगळ्यांना जागा नसते. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांचे असे, की गाणे बाजारात पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. वितरणाच्या सेवा आहेत. वर्षाची वर्गणी किंवा उत्पन्नातला हिस्सा घेऊन त्या तुमचे गाणे स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक वगैरे सगळीकडे पोहोचवतात. वडगावच्या खोलीत रात्री मुद्रित केलेले गाणे आठवडाभरात अमेरिकेतही ऐकता येते. ऐकले जाते का, हा वेगळा प्रश्न. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण (किंवा छोट्या चित्रफितींचे नव्वद दिवसांत एक कोटी प्रेक्षण) लागते. तो उंबरा ओलांडला तरी एका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम पैशांत मोजण्याइतकी. तेव्हा नव्या मुलाचा घरखर्च त्यावर चालत नाही. चालतो तो मंचावर: महाविद्यालयांचे महोत्सव, छोटे क्लब, एखाद्या दुकानाची जाहिरात, दुसऱ्याला लिहून दिलेली गाणी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांचे आणि नाटकवाल्यांचे गणित तरी याहून वेगळे कुठे होते?

फरक आहे तो मालकीत. शेत कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, याचा अर्थ आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गाण्याचाही उतारा असतो, आणि त्यात तीन गट नंबर असतात असे समजा: शब्द, चाल आणि मुद्रण. शब्द व चालीसाठी २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने मोठे संरक्षण दिले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी पाठपुरावा केला होता. गीतकाराचा व संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीकडे देता येतो. आपल्याकडे ही सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ मध्ये स्थापन झालेली. मुद्रणाचे मात्र तसे नाही. मुद्रणाचा मालक म्हणजे कायद्याच्या भाषेत निर्माता; ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मुलाने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने आवाज मुद्रित केला तर निर्माता तोच. पुढची साठ वर्षे ते मुद्रण त्याच्या मालकीचे, आणि हा हक्क एका सहीने जाऊ शकतो.

मालकी म्हणजे काय, हे लॉस एंजलिसच्या निप्सी हसलने दाखवले. मोठ्या कंपनीशी झालेला करार संपवून तो बाहेर पडला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने 'क्रेनशॉ' हा गीतसंग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच वेळी त्याच्या एक हजार प्रती शंभर डॉलरला एक या भावाने विकायला काढल्या. फुकट मिळणारी वस्तू शंभर डॉलरला कोण घेणार? एका दिवसात संपल्या. शंभर प्रती एकट्या जे-झीने घेतल्या. लाख डॉलरपेक्षा मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. लाखो अनोळखी कानांपेक्षा हजार ओळखीची माणसे कलाकाराला जगवतात, हे त्याने ओळखले. ज्या चौकातल्या व्यापारी संकुलात तो कधी फिरून माल विकायचा, ते संकुलच त्याने पुढे भागीदारांसह विकत घेतले. तिथेच, स्वतःच्या दुकानासमोर, ३१ मार्च २०१९ ला त्याचा खून झाला. गाण्यांची मालकी मात्र त्याने हातची जाऊ दिली नव्हती.

आता आमच्या महाविद्यालयातली गोष्ट. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. वडील मराठी, आई कन्नड. घरात बोलणे सुरू होते एका भाषेत आणि संपते दुसऱ्या भाषेत. गॅदरिंगमध्ये त्याने केलेल्या रॅपची चित्रफीत बरीच फिरली आणि पंधरा दिवसांत मोबाइलवर एका कंपनीचा करार आला. चित्रफीत फुकट करून देऊ, म्हणाले. मुलगा हरखला, वडील रागावले. त्यांचा राग 'हे कसले गाणे' यावर होता. मी करार वाचायला मागितला. दोन पाने इंग्रजी. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द दुसऱ्या पानावर, तळाला. शिवाय पुढच्या तीन वर्षांतली सगळी गाणी आधी त्यांनाच दाखवायची.

त्या दोन शब्दांमागे कारण आहे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' लिहायला विसरत नाहीत. खोडायचे ते नेमके हेच शब्द. मुलगा अठरा पूर्ण नसेल, तर त्याच्या एकट्याच्या सहीला कायद्याने करारच म्हणत नाहीत, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. आणि एक गोष्ट मुलांसाठी. इंटरनेटवरून 'फुकट' उतरवलेला ताल फुकट नसतो. बहुतेक वेळा तो फक्त सरावासाठी किंवा कमाई न करण्याच्या अटीवर दिलेला असतो. गाणे विकायचे तर ताल करणाऱ्याकडून लेखी परवाना घ्यावा लागतो. स्वतःचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा आधी द्यावा.

वडिलांनी विचारले, "सर, पण आपल्या भाषेत ऐकणार कोण?" प्रश्न रास्त आहे. बाजार हिंदीचा आणि इंग्रजीचा मोठा. तरीही मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाकडे पाहा. त्यात एमसी मवाली मराठीतून, तर तोडफोड गुजरातीतून गायचा; आरेच्या जंगलावरच्या त्यांच्या गाण्यात तिथले आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच गटातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीच्या वऱ्हाडी वळणासकट ओळखला जातो. कोणीही भाषा धुऊन, इस्त्री करून आणली नाही. आणि दोन पक्षांनी डफावर रात्रभर एकमेकांना कोड्यात पकडायचे, हे आपल्याला नवे आहे का? मराठीत कलगी-तुरा, कन्नडमध्ये हरदेशी-नागेशी. एकाच मातीतले हे दोन वाद आपल्या आजोबांनी दोन्ही भाषांतून ऐकले. बेळगावी मराठीतला तो कानडी हेल, ज्याला पुण्यात हसतात, तो रॅपमध्ये आयता ताल होतो.

काळजीची बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय गाण्यांवरून दोन मराठी रॅपरांवर गुन्हे नोंदले गेले. एकट्याने गाणाऱ्याला वकीलही एकट्यानेच शोधावा लागतो. स्वदेसीचा तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. या मुलांना महिन्याचा पगार नसतो, भविष्य निर्वाह निधी नसतो. म्हणून पदवी पूर्ण कर, हे मी त्या मुलालाही सांगितले. नोकरी आणि गाणे काही वर्षे बरोबर चालू शकतात. बेंगळूरूच्या कित्येक जणांचे तसेच चालले.

करार त्याने परत पाठवला, त्या दोन शब्दांवर काट मारून. उत्तर आलेले नाही. दरम्यान तालाचा परवाना घेऊन त्याने ते गाणे स्वतःच वितरणाला द्यायचे ठरवले. अर्ज भरताना 'गीतकार' या रकान्यापाशी तो अडला आणि मला विचारायला आला. कन्नड ओळी त्याच्या आईने तपासल्या होत्या. तपासता तपासता चार ओळी तिने स्वतःच नव्या लिहून दिल्या होत्या, आणि गाण्यात लोक टाळ्या देतात त्या त्याच. मी म्हटले, मग दोन नावे लिही आणि वाटा किती तो आईला विचारून टाक. आईने नाव कन्नडमध्ये कसे लिहायचे तेवढे सांगितले; वाट्याचे बोलणे घरात अजून चालू आहे.