न दिसणारं कुंपण

मंडळी, शिल्प दालनातून उघड्यावर नेलं की काय बदलतं, हा आजचा प्रश्न. उदाहरण म्हणून इंग्लंडमधलं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क घेऊ. ब्रेटन हॉल या जुन्या जमीनदारी इस्टेटीवर ते १९७७ साली सुरू झालं. कुरणं, तळी, झाडी पाहून आपण म्हणतो, काय सुंदर निसर्ग! पण हा निसर्ग अठराव्या शतकात मुद्दाम घडवलेला आहे. तिथे 'हा-हा' नावाची, चरात उतरवलेली भिंत आहे. गुरं अडतात, पण हवेलीतून पाहणाऱ्या मालकाला कुंपण दिसत नाही. म्हणजे मालकी कायम, फक्त तिची खूण लपवलेली.

आता शिल्पकार काय करतात बघा. अँडी गोल्ड्सवर्दी यांनी २००७ मध्ये याच भिंतीला जोडून चुन्याशिवाय दगडी चौकोन रचले आणि त्यांत झाडांचे ओंडके अधांतरी अडकवले. ते बघायला गेलं, की लपवलेली भिंतच समोर येते. जेम्स टरेल यांनी २००६ मध्ये हरणांच्या जुन्या निवाऱ्यात खोली करून छताला चौकोनी झरोका ठेवला. जिथे जमीनदाराची हरणं थांबत, तिथे आज बाकावर बसून आपण आभाळ पाहतो.

सौंदर्याचा आनंद हेतुनिरपेक्ष असतो, असं कांट सांगतो. ते खरंच आहे. पण आनंद निरपेक्ष असला, तरी डोळ्यांपुढची जागा तशी नसते. हा देखावा मुळात कुणासाठी रचला, हे उघड्यावरचं शिल्प आपल्याला विचारायला लावतं. तेव्हा आनंद जरूर घ्यावा, आणि भिंतही पाहावी.